कोळंबीच्या सापळ्यात काय लावावं: नदी, पऱ्ह्या आणि तलावासाठी आमिषाची निवड

सापळा सकाळी रिकामा निघाला की नवशिका आधी आमिषाच्या वासाला दोष देतो आणि दुसऱ्या रात्री त्याहून उग्र काहीतरी आत टाकतो. बहुतेक वेळा खोट वासात नसते. आमिष रात्री दहाच्या आतच विरघळून, फुटून किंवा खेकड्यांनी ओरबाडून संपलेलं असतं, आणि गोड्या पाण्यातली कोळंबी खरी हिंडते ती अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत. म्हणून आमिष निवडताना पहिला प्रश्न हा की ते पाण्यात किती तास टिकेल, आणि तेवढे तास थोडं थोडं झिरपत राहील का. वास किती उग्र आहे ते त्यानंतर पाहायचं.

आपल्याकडे तीन तऱ्हेची कोळंबी सापळ्यात येते. कोकणातल्या नद्यांत, खाडीचं पाणी जिथवर चढतं त्याच्या वरच्या टप्प्यात मिळणारी मोठी, निळसर नांग्यांची कोळंबी. हिचं शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. गोदावरी, कृष्णा आणि त्यांच्या उपनद्यांतली तिच्या जवळची जात, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी. आणि तलावांत, बोड्यांत (लहान तळ्यांत), काठच्या गवतात राहणारे बोटाएवढे किंवा त्याहून लहान झिंगे. तिघींची खाण्याची रीत सारखीच आहे, पण सापळ्याचं तोंड आणि आमिषाचा आकार बदलावा लागतो.

सापळा टाकण्याआधी

धरणं आणि मोठ्या तलावांचे मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या) तलावांवर तर ढीवर समाजाच्या संस्थांचं पोट चालतं. तिथे संस्थेला विचारल्याशिवाय सापळा टाकू नका. अभयारण्याच्या हद्दीतल्या पाण्यात तर मुळीच नाही. पाण्यात विष कालवून किंवा सुरुंग उडवून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासूनच गुन्हा आहे. तरी उन्हाळ्यात आटलेल्या डोहात कीटकनाशक ओतणारे भेटतात, आणि त्यात कोळंबी सगळ्यांत आधी मरते, कारण कीटकांवरचं औषध कवचवाल्या जिवांवर तितकंच जालीम चालतं. अशा पाण्यातली कोळंबी खाऊही नका.

कोळंबी आमिष शोधते कशी

कोळंबीच्या डोक्यावर मिशांच्या दोन जोड्या असतात. लांब मिशा चाचपडण्यासाठी, आखूड आणि फाटे फुटलेल्या मिशा वासासाठी. आमिषातून पाण्यात विरघळणारे पदार्थ, विशेषतः मांस आणि पेंडीतली अमिनो आम्लं, या आखूड मिशांना कळतात. मग ती त्या दिशेने चालत येते, पुढच्या बारीक नांग्यांनी वस्तू चाचपते आणि तुकडा तोडून तोंडाशी नेते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, जे पाण्यात विरघळतं तेच तिच्यापर्यंत पोचतं. आमिषावर तेल ओतण्याचा काही उपयोग नाही, ते वर तरंगून निघून जातं. दुसरी, वास प्रवाहाबरोबर खाली वाहतो आणि कोळंबी त्याचा माग काढत प्रवाहाविरुद्ध वर येते. म्हणून वाहत्या पाण्यात आमिषाच्या सापळ्याचं तोंड प्रवाहाच्या खालच्या अंगाला हवं. हे उलटं झालं तर कोळंबी सापळ्याच्या बंद बाजूला येऊन तिथेच घुटमळते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पाणी दोन्हीकडे वाहतं, तिथे दोन्ही टोकांना तोंड असलेला सापळा घ्या. (पावसाळ्यात पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, धारेत लावतात ती खोइन वेगळी. ती वाट अडवून मासा धरते, तिला आमिष लागत नाही.)

कोणतं आमिष, कुठे

*माशाचं डोकं आणि टाकाऊ भाग.* तारली किंवा बांगडा सगळ्यांत चांगला. मऊ मांस असल्याने लवकर झिरपतो. बाजारात मासे साफ करणाऱ्यांकडे डोकी-आतडी फुकट मिळतात. एका सापळ्याला ८० ते १०० ग्रॅम पुरे. डोकं मधोमध चिरून घ्या, म्हणजे झिरपायला जागा होते. थंडीत, पाणी गार असताना हे आमिष रात्रभर नीट चालतं. एप्रिल-मेच्या कोमट डोहात मात्र पहाटेपर्यंत ते नासून बुळबुळीत होतं. सडकं मांस खेकड्यांना चालतं, कोळंबीला ताजं जास्त आवडतं. पिवळं पडलेलं, अमोनियाचा झोंबणारा वास येणारं मांस लावू नका.

*कोंबडीची आतडी.* ओढ जबरदस्त, पण टिकत नाहीत आणि शिंगाळा, वाम, मरळ हे सगळे त्यावर येतात. वाम किंवा मरळ एकदा आत शिरली की सकाळी सापळ्यात कोळंबीची नुसती डोकी मिळतात. जिथे हे मासे नाहीत हे पक्कं माहीत आहे तिथेच आतडी वापरा.

*गोगलगायी.* तलावाच्या काठच्या गोगलगायी हे नवशिक्याने सगळ्यांत आधी वापरून पाहावं असं आमिष आहे. फुकट, त्याच पाण्यातलं, आणि कोळंबीच्या रोजच्या खाण्यातलं. दहा-पंधरा मोठ्या गोगलगायी दगडाने फोडून कवचासकट जाळीच्या पिशवीत बांधा. कवचाच्या तुकड्यांमुळे मांस एकदम बाहेर ओढता येत नाही, म्हणून ते जास्त वेळ पुरतं. फोडल्यावर हात साबणाने धुवा, गोगलगायींतून परजीवी येतात.

*गांडुळं.* लहान झिंग्यांना उत्तम. मूठभर गांडुळं मच्छरदाणीच्या कापडात बांधा. सुटी टाकली तर पाच मिनिटांत जाळीतून बाहेर जातात.

*खोबरं.* कोकणात याला तोड नाही. खवट झालेलं, स्वयंपाकाला न चालणारं खोबरं इथे कामी येतं. निखाऱ्यावर कडा तांबूस होईपर्यंत भाजा, मग दोन बोटं रुंदीचे तुकडे करा. खोबरं टणक असल्यामुळे दोन रात्री टिकतं, आणि मांसावर तुटून पडणारे खेकडे आणि शिकारी मासे त्याच्याकडे फारसे वळत नाहीत. सुकं खोबरं तरंगतं ही गोष्ट विसरू नका. ते तारेने सापळ्याच्या मध्यावर पक्कं बांधावं लागतं, नाहीतर छताला चिकटून बसतं आणि कोळंबी बाहेरूनच फटीतून कुरतडते.

*भात, कणीक, पोळी.* शिळा भात पाण्यात तासाभरात सुटतो आणि लहान मासे तो फस्त करतात. निव्वळ कणकेचा गोळा तर त्याहून लवकर चिखल होतो. फार लोक हेच लावतात आणि इथेच फसतात. पिठाला पेंडीची जोड देऊन वाफवलं तर गोष्ट वेगळी. ते पुढे सविस्तर येतं.

निवडीचा आमचा नियम साधा आहे. खेकडे जास्त असतील तर खोबरं किंवा वाफवलेला पेंडीचा गोळा. वाम-मरळ असतील तरी तेच. खेकडे कमी आणि पाणी थंड असेल तर मासा. तलाव स्थिर आणि गवताळ असेल तर गोगलगायी. पावसाळ्यातल्या गढूळ, जोरदार पाण्यात सगळी मऊ आमिषं धुऊन जातात; तिथे खोबऱ्याशिवाय दुसरं काही लावण्यात अर्थ नाही.

पेंडीचा वाफवलेला गोळा

एकदा हे जमलं की बाकीच्या आमिषांची फार गरज उरत नाही. दहा गोळ्यांसाठी:

भुईमुगाची पेंड ५०० ग्रॅम, भाताचा बारीक कोंडा ३०० ग्रॅम, मैदा किंवा कणीक १०० ग्रॅम, भाजून कुटलेली सुकट किंवा सुका जवळा ५० ग्रॅम, पाणी साधारण ४०० मिली.

१. पेंड फोडून भरड करा. मोठे खडे राहिले तर गोळा तिथे फुटतो. पेंडीला हिरवी-काळी बुरशी असेल तर ती सरळ टाकून द्या.

२. कोंडा चाळून तूस काढा. तुसामुळे गोळ्यात पोकळ्या राहतात आणि पाणी आत शिरून तो फुटतो.

३. सगळं कोरडंच एकत्र करा, मग कोमट पाणी थोडं थोडं घालून घट्ट मळा. मुठीत दाबल्यावर बोटांचे ठसे उमटावेत, पण हाताला चिकटू नये. पाणी जास्त झालं तर कोंडा वाढवा, मैदा नको. मैदा जास्त झाला की गोळा रबरासारखा होतो आणि झिरपत नाही.

४. सव्वाशे ग्रॅमचे गोळे करून चाळणीवर मोदकांसारखे २० मिनिटं वाफवा. पिठातला स्टार्च वाफेने फुलून सगळं धरून ठेवतो. न वाफवलेला आणि वाफवलेला गोळा एकाच बादलीत सोडून पाहा, फरक लगेच कळतो.

५. पूर्ण गार होऊ द्या. गरम गोळा पाण्यात टाकला की तडकतो.

बादलीतली चाचणी दर वेळी करा. गोळा पाण्यात सोडा आणि तीन वेळा पाहा. पंधरा मिनिटांनी भोवतालचं पाणी किंचित गढूळ दिसायला हवं, म्हणजे झिरपणं सुरू झालं. दोन तासांनी वरचा थर बोटाने खरवडून निघावा पण आकार शाबूत हवा. सहा तासांनी गोळा निदान अर्धा उरलेला हवा. पंधरा मिनिटांनंतरही पाणी अगदी नितळ असेल तर गोळा फार घट्ट झालाय; दोन तासांत ढीग झाला तर कोंडा जास्त किंवा वाफ कमी.

एक इशारा. पेंड म्हणजे कोणतीही पेंड नव्हे. एरंडीची पेंड विषारी असते. मोहाची पेंड तर मत्स्यतळी साफ करताना नको असलेले मासे मारण्यासाठी हेक्टरी २००० ते २५०० किलो टाकतात. विदर्भात ती सहज मिळते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. करंज आणि कडुनिंबाची पेंडही दूर ठेवा. भुईमूग, तीळ किंवा खोबऱ्याची पेंड, एवढ्याच वापरा.

ज्यांना वाफवायचा खटाटोप नको त्यांच्यासाठी पानाची पुडी आहे. ॲमेझॉनच्या मुखाकडे, ब्राझीलच्या पारा राज्यात, मातापी नावाच्या सापळ्यात बाबासू ताडाच्या फळाचं भरड पीठ पानात बांधून टांगतात आणि त्यावर तिथली नदीतली कोळंबी धरतात. आपल्याकडे हे केळीच्या पानात होतं. पान विस्तवावर शेकून मऊ करा, आत पेंड-कोंड्याचं घट्ट मिश्रण दाबून भरा, सुंभाने चारी बाजूंनी बांधा आणि दाभणाने आठ-दहा भोकं पाडा. पान पहाटेपर्यंत धरून ठेवतं आणि भोकांतून मिश्रण हळूहळू सुटत राहतं.

आमिष बांधायचं कसं

साधारण ५० ते ६० सेंटिमीटर लांबीच्या बांबूच्या किंवा जाळीच्या सापळ्यात आमिष बरोबर मध्यावर, कुठल्याही भिंतीपासून निदान चार बोटं दूर टांगलेलं हवं. मोठ्या कोळंबीच्या नांग्या लांब असतात. आमिष भिंतीला टेकलं तर ती आत शिरण्याची तसदी घेत नाही, बाहेर बसूनच जेवते. तोंडाच्या नळीच्या अगदी समोरही ते नको. आत येऊन खाऊन त्याच वाटेने परतते.

पिशवीसाठी जुन्या मच्छरदाणीचं दुहेरी कापड किंवा नायलॉनचा मोजा चालतो. खेकड्यांच्या पाण्यात कापड टिकत नाही. तिथे छोटी प्लास्टिकची बाटली घ्या, तापवलेल्या खिळ्याने तीन मिलिमीटरची तीस-चाळीस भोकं पाडा, झाकण घट्ट लावा. खेकडा ती कुरतडत बसतो पण आमिष शाबूत राहतं. बाटलीत एक गोटा टाका, नाहीतर ती वर येते.

मोठ्या कोळंबीसाठी आतल्या नळीचं भोक चार ते पाच सेंटिमीटर, लहान झिंग्यांसाठी दोन ते तीन. याहून मोठं भोक ठेवण्याचा मोह नको. मांसाच्या वासावर कासवं येतात, आणि बुडालेल्या सापळ्यात अडकलेलं कासव श्वास कोंडून मरतं. आपल्या तलावांत दिसणारं मऊ पाठीचं कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहे. कासवं असलेल्या तलावात मांस लावूच नका, आणि सापळ्याचं एक टोक दोरीने बांधून चार बोटं पाण्याबाहेर ठेवा.

आमिष जास्त घालण्यानेही नुकसान होतं. अर्धा किलो मांस भरलेला सापळा आजूबाजूच्या कोळंबीला बाहेरच पोटभर जेवू घालतो, कारण तुकडे सुटून भोवती पसरतात. शिवाय उरलेलं सडतं. दाट पाणवनस्पतींच्या तलावात आधीच पहाटे प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. त्यात सडकं आमिष भरीला पडलं की सकाळी आतली कोळंबी मेलेली निघते. अशा तलावात सापळा उजाडायच्या आधी उचला.

रात्र आणि ऋतू

सूर्यास्ताच्या सुमारास टाका, पहाटे उचला. दुपारी टाकलेल्या सापळ्यातलं आमिष संध्याकाळपर्यंत लहान मासे संपवतात. जागा डोहाच्या कडेची, झाडांची मुळं पाण्यात उतरलेली, किंवा कातळाच्या कपारीजवळची. उघड्या वाळूवर आमिष कितीही चांगलं असलं तरी कोळंबी यायला बिचकते.

पाणी २६ ते ३१ अंशांच्या दरम्यान असताना कोळंबी भरपूर खाते. २० अंशांच्या खाली ती सुस्त होते. डिसेंबर-जानेवारीत देशावर आणि विदर्भात सापळे रिकामे निघतात त्याचं कारण हेच. तेव्हा आमिष बदलत बसू नका, सापळा दोन रात्री ठेवा आणि खोल जागा निवडा. कात टाकलेली कोळंबी अंग कडक होईपर्यंत खात नाही, लपून बसते. सापळ्यात अशी मऊ कोळंबी आली तर दुसऱ्या तिला खातात. मोठे नर तर आपसांतही भांडतात, म्हणून चांगली आवक असेल तेव्हा मध्यरात्री एकदा सापळा रिकामा करून आमिष बदलणं फायद्याचं.

सकाळी सापळा काय सांगतो

आमिष जसंच्या तसं आणि सापळा रिकामा: जागा चुकली किंवा पाणी थंड. आमिष बदलण्याआधी जागा बदला.

आमिष संपलेलं आणि सापळा रिकामा: कोळंबी येऊन गेली. आतल्या नळीचं टोक पाहा, ते रुंद झालं असेल किंवा काड्या तुटल्या असतील. ते नीट असेल तर आमिष भिंतीला टेकलं होतं.

पिशवी फाटलेली, चिंध्या झालेल्या: खेकडे. बाटली किंवा खोबरं.

आमिषावर पांढुरका बुळबुळीत थर: पाणी गरम, आमिष मऊ. मांस बंद करा.

कोळंबी बाहेरून सापळ्याला चिकटलेली दिसते: वास बरोबर आहे, तोंड सापडत नाही. तोंडाची दिशा आणि आतल्या भोकाचा आकार तपासा. ही खरं तर चांगली खूण आहे, अशा वेळी आमिषाला हात लावू नका.

दोन आमिषांची तुलना करायची असेल तर दोन सारखे सापळे आडव्या रेषेत, दहा-पंधरा मीटर अंतरावर टाका. एकाखाली एक लावले तर वरच्याचा वास खालच्यावरून जातो आणि काहीच कळत नाही. दुसऱ्या रात्री आमिषांची अदलाबदल करा, म्हणजे जागेचा गुण आमिषाच्या नावावर जमा होणार नाही. अशा चार रात्रींचा हिशेब वहीत असला तर काहीतरी म्हणता येतं.

आलेली कोळंबी

पोटाखाली अंड्यांचा घोस असलेली मादी दिसली तर तिला हलक्या हाताने परत सोडा. अंडी आधी नारिंगी असतात, फुटायला आली की राखाडी होतात. मोठ्या जातीच्या मादीला पिल्लं सोडायला खाडीच्या मचूळ पाण्याकडे उतरावं लागतं, आणि वाटेत बंधारे असले की तो प्रवास आधीच अवघड झालेला असतो. सापळ्याच्या काड्यांत सहा ते आठ मिलिमीटर फट ठेवली तर मोठ्या जातीची पिल्लं आपोआप निघून जातात.

बाकीची कोळंबी ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, किंवा त्याच नदीच्या पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत. तांब्याच्या भांड्यात ठेवू नका, तांबं कवचवाल्या जिवांना विषासारखं बाधतं. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. कोकणात लेप्टोचे (जखमेतून शिरणाऱ्या जिवाणूंमुळे होणाऱ्या तापाचे) रुग्ण याच दिवसांत सापडतात. उरलेलं मांसाचं आमिष डोहात फेकू नका, काठापासून दूर पुरा. वाफवलेले गोळे सावलीत कडक वाळवून डब्यात ठेवले तर आठवडाभर टिकतात. वापरण्याआधी तासभर पाण्यात भिजवून घ्या, नाहीतर रात्रीचे पहिले काही तास ते नुसतेच दगडासारखे पडून राहतात.